आउटरवरची अठरा मिनिटं

सावनेरहून नागपूरला येणारी छोट्या लाईनीची सकाळची पॅसेंजर रोज अठरा मिनिटं उशिरा यायची. सतरा नाही, एकोणीसही नाही. एवढी शिस्त मोठ्या लाईनीवरच्या मेललाही पाळता आली नव्हती, असं ड्रायव्हर चंपतराव अगदी मनापासून मानत. त्यामुळं कोणी त्यांच्या गाडीला लेट म्हटलं की त्यांना राग येत नसे, त्या माणसाची कीव येई.

या अठरा मिनिटांचा हिशेब साऱ्या लाईनीला पाठ होता. बोरडोहच्या थांब्यावर रुखमाबाईच्या संत्र्यांच्या टोपल्या चढेपर्यंत सात. पिंपळटाकळीला प्रेमिलाबाई नर्स शेताच्या धुऱ्यावरून लगबगीनं येताना दिसल्या की त्यांची पाच. उरलेली सहा खैरीच्या गणपतरावांची. ते शहरात एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि गाडीचा धूर दिसल्याशिवाय घरून निघायचं नाही, असा त्यांचा नियम होता. नियमाच्या बाबतीत ते फार कडक.

इंजिन काळं आणि बुटकं होतं. मोठ्या लाईनीचे लोक त्याला खेळणं म्हणत. चंपतराव बावीस वर्षं त्याच्या पितळी पट्ट्या स्वतःच्या हातानं घासत आले होते. फायरमन गोविंदा त्यात बघून भांग पाडायचा.

त्र्याहत्तर सालच्या थंडीत श्रीधर टिळेकर नावाचे नवे इन्स्पेक्टर आले. पुण्याकडचे. त्यांनी चंपतरावांना बोलावून एवढंच सांगितलं, "सोमवारी मी इंजिनवर येतो. त्या दिवशी गाडी नऊ पस्तीसला पोचली नाही, तर तुमची बदली यार्डात."

यार्डात म्हणजे दिवसभर मालगाडीच्या रिकाम्या वाघिणी इकडून तिकडं ढकलायच्या. शर्यतीच्या बैलाला घाण्याला जुंपावं तसं. चंपतरावांना रिटायर व्हायला दहा महिने उरले होते आणि या इंजिनावरून उतरून थेट घरी जायचं, एवढी एकच त्यांची इच्छा होती.

रविवारी गोविंदा सायकलवरून घामाघूम होऊन परतला. "साऱ्या लाईनीले सांगून आलो."

"काहून सांगितलं गा? लोक म्हणतीन, चंपतराव भ्याला."

"तुमी भ्याले असं नाई सांगितलं. उद्या गाडी कोणासाठी थांबणार नाई, असं सांगितलं."

"मग?"

"हासले सारे."

सोमवारी टिळेकर इंजिनावर चढले. गोविंदानं त्यांच्या शुभ्र सदऱ्याकडं बघितलं आणि आदरानं विचारलं, "साहेब, दुसरा सोबत आणला असन ना?"

गाडी ठरल्या मिनिटाला सुटली. बोरडोह जवळ येऊ लागलं तसे चंपतराव मान बाहेर काढून बघायला लागले. टोपल्या राहिल्या तर रुखमाबाईचा दिवस बुडणार, आणि थांबलं तर आपलं इंजिन जाणार. वळणावरून फलाट दिसला. टोपल्या ओळीनं मांडलेल्या आणि शेवटच्या टोपलीवर रुखमाबाई बसलेली.

"तूच उशीर करून राहिला आज, चंपतभाऊ," ती टोपली उचलता उचलता म्हणाली. "दव पडून पडून माही संत्री ओली झाली ना."

पिंपळटाकळीला प्रेमिलाबाई फलाटाच्या कडेला मनगटावरच्या घड्याळात बघत उभ्या होत्या, जणू गाडीची नाडीच मोजत होत्या. आणि खैरीला चक्क गणपतराव हजर. त्यांची दाढी एकाच, उजव्या गालाची झाली होती. दुसऱ्या गालावरचा साबण वाळला होता, पण कोटाची बटणं सगळी लावलेली होती. चंपतरावांनी इंजिनातून त्यांना हात जोडले. गणपतरावांनी उजवा गाल फिरवून नमस्कार घेतला.

पुढं चढण होती. गोविंदानं कोळसा ओढला, चंपतरावांनी वाफ दिली आणि सहा डबे मागं घेऊन इंजिन चढण चढून गेलं. टिळेकरांनी घड्याळ बघितलं, मग बाहेर बघितलं. "बरं पळतं हो," ते नाइलाजानं म्हणाले.

"हे चालनं हाये, साहेब. पळवून दाखवू का?"

नऊ तेहतीसला गाडी शहरातल्या शेवटच्या स्टेशनाच्या आउटर सिग्नलपाशी आली. फलाट दोन मिनिटांवर. सिग्नलचा हात आडवा होता.

चंपतरावांनी गाडी थांबवून शिट्टी दिली. परत दिली. पुढं फलाटाच्या लाईनीवर कोळशाच्या वाघिणी निवांत उभ्या होत्या. स्टेशनाचा तरी काय दोष? नऊ त्रेपन्नशिवाय ही गाडी येत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. वर्षानुवर्षं मोकळ्या पडणाऱ्या या वेळात ते दुसरं काम उरकून घेत. आज गाडी वेळेवर येणार, हे सांगायला गोविंदा सायकल घेऊन सगळीकडं फिरला होता. स्टेशनावर तेवढा गेला नव्हता.

"तेथचं ध्यानातच नाई आलं," तो फावड्याकडं बघत म्हणाला.

 खिशातलं फडकं काढून चंपतराव पितळ पुसायला लागले.

एरवी गाडी आउटरला थांबली की माणसं धडाधड उड्या मारत आणि कुंपणाच्या भगदाडातून पाच मिनिटांत आपापल्या कामाला लागत. टिळेकर त्याचीच वाट बघत होते, डायरीत लिहायला. पण कोणी उतरेना. दोन मिनिटं झाली, पाच झाली. खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती, पाय एकाचाही नाही.

शेवटी टिळेकर खाली उतरून पहिल्या डब्यापाशी गेले. "अहो, उतरत का नाही तुम्ही? कचेरीला उशीर होतोय ना?"

"होऊन राहिला ना," गणपतराव खिडकीतून म्हणाले. "पण साहेब, बावीस वर्षांत पयल्यांदा गाडी येळेवर आणली आमी. मांडवाच्या दारात वरात सोडून कोणी पळते का?"

"माही ड्यूटी दहाची हाये," आतून प्रेमिलाबाई म्हणाल्या. "लागू द्या लेटचा शेरा."

रुखमाबाईनं एक संत्रं सोलून अर्धं टिळेकरांच्या हातावर ठेवलं. "खा बाप्पा. उभे काहून?"

चंपतरावांना इंजिनातून सगळं ऐकू येत होतं. पट्टी केव्हाच लखलखीत झाली होती, तरी ते पुसत राहिले. मान वर केली असती तर गोविंदाला तोंड दिसलं असतं.

नऊ एक्कावन्नला सिग्नलचा हात पडला. नऊ त्रेपन्नला, म्हणजे रोजच्याच वेळेला, गाडी फलाटाला लागली. स्टेशनावर कोणाला काही वेगळं वाटलं नाही.

नियमाप्रमाणं फलाटावर चाक थांबतं तीच पोचायची वेळ. टिळेकरांनी डायरी उघडली.

"अठरा मिनिटं लेट लिहा, साहेब," चंपतराव खाली उतरून ताठ उभं राहत म्हणाले. "कायदा तो कायदा. फक्त इंजिनाचं नाव खराब करू नोका. त्यानं आपलं काम केलं."

तोवर सहाही डबे रिकामे होऊन माणसं भोवती जमली होती.  आपल्याकडची दोनशे माणसं एका जागी गप्प उभी आहेत, हे पाहून हमालही थांबले. टिळेकरांनी बराच वेळ लिहिलं आणि मग सर्वांना ऐकू जाईल असं वाचलं, "ड्रायव्हर, वेळेवर. इंजिन, वेळेवर. प्रवासी, वेळेच्या आधी. स्टेशन, अठरा मिनिटं उशिरा." डायरी मिटून त्यांनी चंपतरावांकडं पाहिलं. "यार्डात दुसरा माणूस बघतो. तुम्ही इथंच राहा."

चंपतरावांनी मान हलवली. राहिलेली पट्टी पुसायला ते इंजिनाच्या पलीकडं गेले आणि जरा वेळानं आले.

त्या दिवशी फलाटावर थांबून राहिल्यामुळं सगळेच कामावर उशिरा पोचले. गणपतरावांच्या साहेबांनी लेखी खुलासा मागितला. गणपतरावांनी नियमानुसार तो दोन प्रतींत केला आणि दुसरी प्रत दुसऱ्या दिवशी खैरीच्या फलाटावर, दोन्ही गालांची दाढी करून, चंपतरावांच्या हातात दिली. त्यात लिहिलं होतं, "काल आमची गाडी वेळेवर आल्यामुळे उशीर झाला. याबद्दल मला खेद नाही."

चंपतरावांनी तो दोनदा वाचला, घडी घालून टोपीत ठेवला आणि गोविंदाला कोळसा टाकायला सांगितलं.