आबांचा उजवा हात

अण्णासाहेबांनी पोलादी पट्टी पोस्टरवर आडवी ठेवली आणि मूळ छायाचित्र शेजारी धरले. वडिलांचा, म्हणजे आबांचा, हसरा चेहरा, गणवेश, मागचे इटलीतले गाव. सर्व काही प्रमाणात होते. मात्र छायाचित्रात आबांचा उजवा हात मनगटापाशी कडेला संपत होता. पोस्टरवर तो पुढे गेला होता, आणि त्याच्या टोकाला फुले घेऊन एक लहान मुलगी उभी होती.

"ही कोण?"

"सॉफ्टवेअरने टाकली, बाबा," यतीन म्हणाला. "पोस्टर आडवं हवं होतं. हात कुठेतरी जायला हवा ना."

मुलीचे गाल गुबगुबीत होते. एप्रिल १९४५मधल्या उपाशी गावात. अण्णासाहेबांनी पट्टीचे टोक तिच्यावर ठेवले.

"काढ तिला."

"यार बाबा, संध्याकाळी कोपर्निकस मार्गावरच्या सभागृहात आबांचा गौरव आहे. कमिटीत सगळ्यांना आवडली ती. बिल्कुल खरी वाटते."

"म्हणूनच किळस येते."

आबांची पदके पुसत बसलेली सून रुचिता थांबली.

"मग तिथे खरं कोण होतं, बाबा?"

अण्णासाहेब उठले. ड्रॉइंगच्या उपकरणांच्या पेटीतून त्यांनी एक पिवळे पाकीट आणले.

"एकोणसत्तर साली तंत्रनिकेतनच्या डार्करूममध्ये हा फोटो मीच मोठा केला. कागदाच्या कडेवर काळा पुठ्ठा ठेवून, म्हणजे तेवढा भाग उमटलाच नाही. ही त्याची निगेटिव्ह."

रुचिताने ती खिडकीच्या उजेडात धरली. समोर गुरुग्रामचे काचेचे मनोरे चकाकत होते.

"अच्छा, बाई आहे. खुर्चीवर बसलीय. केस किती काळेभोर. आणि आबांच्या मुठीत ही पांढरी दोरी?"

"निगेटिव्ह आहे. काळं ते पांढरं समजायचं, पांढरं ते काळं."

यतीनने मोबाइलवर फोटो घेऊन रंग उलटवले. बाईचे डोके भादरलेले होते. आबांच्या मुठीत तिची कापलेली वेणी होती.

"जर्मन सैनिकांशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून तेव्हा बायकांचे केस असे चौकात कापत," अण्णासाहेब म्हणाले.

तेवढ्यात त्याच मोबाइलवर पोस्टर न्यायला आलेल्या ड्रायव्हरचा फोन वाजू लागला. यतीनने तो घेतला नाही. वाजणे थांबले, आणि चित्र पुन्हा पडद्यावर आले.

रुचिताने हातातले पदक डबीत ठेवले. नंतर बोटे त्याच फडक्याला पुसली.

"हसतायत ते," ती म्हणाली.

"हो," अण्णासाहेब पट्टी उचलत म्हणाले. "मी तेवढंच ठेवलं होतं."