मिरीच्या दाण्याएवढा फुगा

मित्रांनो, उजेडासमोर धरलंत तर मी यमुनाबाईंच्या मेंदूची जुनी फिल्म आहे. नाही धरलंत तर निव्वळ काळं प्लास्टिक. माझे बरेचसे दिवस मी प्लास्टिक म्हणूनच काढले.

माझा जन्म रत्नागिरीतल्या एका तपासणी केंद्रात झाला. यंत्रातून बाहेर पडले तेव्हा मी कोमट होते आणि माझ्या अंगावर रक्तवाहिन्यांच्या पांढऱ्या फांद्या उमटल्या होत्या. डॉक्टरांनी मला दिव्याच्या काचेवर लावलं आणि पेनाचं टोक एका जागी टेकवलं. लहान मेंदूला रक्त पुरवणारी एक बारीक धमनी, आणि तिला आलेला मिरीच्या दाण्याएवढा फुगा.

"शंभर फुग्यांत दोन-तीनच या जागी सापडतात," ते म्हणाले. "पण छान टिपलाय फिल्मने."

ते माझं पहिलं कौतुक. शेवटचंही तेच.

समोर यमुनाबाई आणि त्यांची मुलगी मृणाली बसल्या होत्या. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. पंधरा दिवसांत मुंबई गाठायची, मांडीतून तार नेऊन फुग्यात प्लॅटिनमचं वेटोळं भरायचं. गिळण्याची आणि आवाजाची केंद्रं शेजारीच. त्यांना धक्का बसू शकतो, पण बहुतेकांचं सुधारतं. "फुटायच्या आधी केलं तर बहुतेक पेशंट चालत घरी जातात. फुटल्यावर तसं सांगता येत नाही."

"म्हणजे वाचा जाईल?" यमुनाबाईंनी एवढंच विचारलं.

पूर्णगडाजवळच्या त्यांच्या वाडीत कुठलंही मोठं काम कौल घेतल्याशिवाय होत नाही. गुरव देवाच्या दोन खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार. डावी पडली तर थांबायचं. मृणाली खेडला नोकरीवर परतली होती. यमुनाबाई मला काखोटीला मारून एकट्याच देवळात गेल्या.

"ह्या काय आणलंस गो वैनी? क्यालेंडर?" बाळा गुरवाने विचारलं.

"माझा डोका हाय त्यात."

"तरीच एवढा हलका!"

दोघंही हसली. मग त्याने मला देवापुढे ठेवलं आणि गाऱ्हाणं घातलं. "बा म्हाराजा, हिच्या डोक्याचा ऑपरेशन करायचा असला तर उजवा दे."

पाकळी लगेच पडली. उजवी.

यमुनाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "बाळा, मी घरात डावा सांगणार हाय."

"येडी झालीस काय? देवाचा शबूद फिरवतेस?"

"मी परत आले नि बोलता येयना, नळीन पेज घालायला लागली, तर? पोरीचा आयुष्य जायचा त्यात. तुला ह्याच देवाची शपथ हाय. बोलायचा नाय."

बाळाने शपथ पाळली.

मृणालीने फोनवर "डावा" ऐकलं. तिचा कौलावर विश्वास नव्हता. यावरून वाडीशी तिचं अनेकदा वाजलं होतं. त्या दिवशी मात्र ती म्हणाली, "बरं, मग मे महिना जाऊ दे." घाबरली तीही होती. मी कपाटाच्या माथ्यावर गेले. माझ्यावर पापडांचा डबा आला.

बावीस दिवसांनी, अंगणात आमसुलं वाळत घालताना, यमुनाबाई कोसळल्या. कोल्हापूरला पोचेपर्यंत चार तास गेले. वेटोळं भरलं, ते नीट बसलंही. त्या पाच महिने जगल्या. नाकात नळी, तोंडात शब्द नाही. मृणालीने नोकरी सोडली आणि दिवसातून सहा वेळा नळीतून पातळ पेज घातली. ज्याला भिऊन त्या थांबल्या होत्या तेच, थांबल्यामुळे, वाट्याला आलं. त्यातलं काहीही कमी झालं नाही.

तेराव्याला मृणाली सगळ्यांसमोर बाळावर ओरडली. "तुझ्या देवाने माझी आई खाल्लीन! डावा म्हणे!"

बाळाने मान खाली घातली. "आता ती नाय, म्हणून सांगतो. देवान उजवाच दिलान होता गो. तुझ्या आयशीन मला शपथ घातलीन."

मृणाली आत आली, पापडांचा डबा उतरवला, मला पाकिटातून काढलं आणि खिडकीसमोर धरलं. त्या घरात पहिल्यांदाच. डॉक्टरांनी दाखवलेल्या जागी तिने बोट ठेवलं. दाणा बोटाखाली सबंध झाकला गेला.

तेव्हापासून मी त्याच खिडकीच्या गजांना बांधलेली आहे. उन्हाने काळवंडते आहे. बारीक फांद्या दिसेनाशा झाल्या. दाणा अजून दिसतो.

मित्रांनो, तुमच्या घरात कपाटावर अशी एखादी फिल्म पडली असेल तर ती खाली काढा. उजेडात धरा, त्यात काय आहे ते विचारा. देवाला विचारायचं असेल तर जरूर विचारा. पण मिळालेलं उत्तर घरी येईपर्यंत बदलू नका. भीती वाटली तर "मला भीती वाटते" असं म्हणा. यमुनाबाईंना हे तीन शब्द म्हणता आले नाहीत. मृणालीलाही नाहीत.

मृणाली ते आता म्हणते, रोज, माझ्यासमोर उभी राहून. ऐकायला फक्त मी असते.