बिल्ला लावलेली झाडं

पहिलं झाड मेलेलं दिसलं तेव्हा सेरवाने नशिबाला बोल लावला. दुसरं दिसलं तेव्हा बुरशीला. तिसऱ्याच्या बुंध्याभोवती मात्र कोयत्याने सोललेली साल दिसली. झाड उभं होतं, पण शेंड्यापर्यंत खडखडीत वाळलेलं. सोललेल्या भागाच्या जरा वर तिने दोन वर्षांपूर्वी ठोकलेला नंबरचा बिल्ला मात्र जसाच्या तसा होता.

कुमासी शहरातल्या विद्यापीठात वनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घ्यायची तर प्रबंध हवा. सेरवाने विषय हौसेने निवडला होता: कोकोच्या बागेत सावलीसाठी राखलेली ओडुमची उंच, इमारती लाकडाची झाडं किती वाढतात? एकदा मोजायचं, दोन वर्षांनी पुन्हा मोजायचं. लागवडीवाचून, फुकटात, शेतकऱ्याच्या बांधावर जंगल परत येऊ शकतं, हे तिला आकड्यांनी दाखवायचं होतं. त्यासाठी तिने तानोसो गाव धरलं. तिच्या लोकांत घराणं आईकडून चालतं, त्यामुळे मामाचं गाव तेच तिचं गाव. तिथे तिला कोण अडवणार होतं?

अडवलं कोणीच नाही. सगळ्यांनी हसून बिल्ले ठोकू दिले.

त्या बागेची मालकीण पोकुआ मावशी कोकोच्या शेंगा फोडत बसली होती. सेरवा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मावशी, हे काय केलंत?"

"काय केलं म्हणजे? झाड मारलं. एवढी शिकलीस, मेलेलं झाड ओळखता येईना होय?"

"पण का मारलंत?"

"वर मलाच विचार! नंबर कोणी ठोकला?"

"तो माझ्या अभ्यासाचा नंबर होता. गावच्या सरदारांच्या अंगणात सगळ्यांना सांगितलं होतं मी."

"सांगितलंस की. गोड सांगितलंस. पण नंबराच्या मागनं काय येतं ते आम्ही बघितलंय, बाई. आधी नंबर, मग करवत, मग ट्रॅक्टर. झाड सरकारचं, लाकूड ठेकेदाराचं, अन् चेंगरलेला कोको तेवढा आमचा." मावशीने शेंग फोडली. "उभं वाळलेलं झाड ठेकेदार नेत नाही. ते कसं निवांत मोडतं, फांदी फांदीनं. कोकोला धक्का नाही. सगळ्या गावानं तेच केलंय."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. आपल्या जमिनीत आपोआप उगवलेलं इमारती लाकडाचं झाड आपलं नसतं. जन्मभर राखलं तरी ते न्यायला दुसराच येतो. हा कायदा सेरवाने परीक्षेत लिहून भरघोस गुण मिळवले होते. आणि तोच कायदा डोक्यात ठेवून तिने घरोघरच्या झाडांना नंबर लावले होते. याला काय म्हणावं? तिने कपाळावर हात मारून घेतला, पण त्याने सोललेली साल काही परत येणार नव्हती.

गावभर हिंडून तिला एकच बिल्लेवालं झाड जिवंत सापडलं. ते तिच्या आनाने नावाच्या मामांच्या बागेत होतं. सरळसोट, पाच माणसांच्या कवेत न मावणारं. तिने मोजायची फीत लावली. झाड चांगलंच वाढलं होतं. ती बुंध्याला टेकून हमसून हमसून रडली.

"रडतेस काय? हे तर आहे ना?" मामा म्हणाले.

"तुम्ही कसं नाही मारलंत, मामा?"

"तू म्हणालीस ना, कोणी येणार नाही म्हणून. मग कशाला मारू? पोकुआ रोज टोमणे मारते. म्हणते, भाचीच्या नादानं म्हातारा बाग घालवणार."

कुमासीहून तिच्या मार्गदर्शकांचा फोन आला. एका झाडावर प्रबंध होत नाही, ते म्हणाले. पण ते एक झाड राखलं, पावसाळ्यानंतर पुन्हा मोजलं, तर मेलेल्यांच्या शेजारी मांडता येईल. काहीतरी वाचेल.

त्याच आठवड्यात शेजारच्या गावात ठेकेदाराची माणसं उतरल्याची खबर आली. मामा कोयता घेऊन बागेकडे निघाले. सेरवाने वाटेतच त्यांचा हात धरला.

"मामा, एवढा एक पावसाळा. माझ्यासाठी."

"आणि ते आले तर?"

"नाही येणार. मी वनकचेरीत सांगते. अभ्यासाचं झाड आहे म्हणून अर्ज देते. माझा शब्द."

मामांनी तिच्याकडे बघितलं, कोयता खाली केला आणि ते घरी परतले. सेरवाने अर्ज दिला. कचेरीतल्या साहेबांनी तो हसतमुखाने ठेवून घेतला.

पावसाळा सरल्यावर ती फीत घेऊन आली तेव्हा बागेत ऊन पडलं होतं. जिथे कधी ऊन पोचत नसे तिथे लख्ख ऊन. ओडुम पडताना वीस वर्षांचा कोको घेऊन पडलं होतं, आणि उरलेल्यातला बराचसा कोको, ओंडके ओढून नेणाऱ्या ट्रॅक्टरने चिखलात घातला होता. मामांनी अर्जाचं नाव काढलं, तेव्हा ठेकेदाराचा मुकादम म्हणे त्यांना म्हणाला होता, "नंबर लागलेलाच आहे की, बाबा. आमचं काम वाचलं."

मामा बागेच्या उरलेल्या कोपऱ्यात वाकून काहीतरी छाटत होते. सेरवा जवळ गेली. माफी कशी मागावी हे तिला कळत नव्हतं. मामांनी मान वर केली नाही. ओडुमची गुडघाभर रोपं ते मुळापासून उडवत होते. आजवर निंदणी करताना हीच रोपं त्यांनी जपून बाजूला ठेवली होती.

"मामा..."

"तिकडे दुसरा कोयता आहे," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे तिला आणखीच असह्य झालं. "घे. दोघं मिळून संध्याकाळपर्यंत उरकू. एकही राहायला नको."

ती नाही म्हणू शकली असती. पण कोणत्या तोंडाने? तिने कोयता उचलला आणि मामांच्या शेजारी वाकली.

मामांची नजर आता अधू झाली होती. इवली, दोन पानांची रोपं गवतात त्यांना दिसत नव्हती. सेरवाला दिसत होती. ओडुम अगदी लहानपणी कसं ओळखायचं हे तिला कुमासीत नीट शिकवलं होतं. मामा पुढे सरकले की ती मागून म्हणायची, "मामा, इथे एक राहिलंय." आणि मग तेही तीच उपटायची.