तीन हातांचं पाणी

मुलगा गेल्यावर आमच्या घरात कोणी धड रडलं नाही, असं लोक म्हणतात. लोकांना काय, भिंतीपलीकडे ऐकू गेलं की समाधान. मी भांडी घासली, कपडे वाळत घातले, आमच्या ह्यांना वेळेवर गोळ्या दिल्या. सून कामावर जात राहिली. तो सकाळी घरातून गेला आणि संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला, त्यानंतरचं सगळं मला काचेपलीकडचं असल्यासारखं दिसतं. हात चालतात, एवढंच.

त्याची एकच जिवंत वस्तू मागे राहिली होती, खिडकीतलं ऑर्किड. त्याने आणलं तेव्हा जांभळ्या फुलांनी वाकलं होतं. मग फुलं गळली, पानं सुरकुतून लोंबायला लागली. मी येता-जाता बघायचे आणि मनात म्हणायचे, नवऱ्याच्या झाडाला घोटभर पाणी घालायचं, तेवढंही ह्या बाईला जमत नाही.

एका रविवारी ती म्हणाली, "आई, मी ऑफिसजवळ खोली बघितली आहे. पुढच्या महिन्यात जाईन म्हणते. ऑर्किड मी घेऊन जाते."

"तू खुशाल जा. झाड इथून हलणार नाही. इथे असताना वाळवलंस, तिथे काय दिवे लावणार आहेस?"

"मी वाळवलं?"

"मग काय मी?"

ती उठली. बाहेर गेली आणि भोकं पाडलेली प्लॅस्टिकची पारदर्शक कुंडी आणि झाडांच्या सालीच्या तुकड्यांची पिशवी घेऊन आली. म्हणाली, "ते मरायला टेकलंय. आधी मुळं बघू. भांडण कुठे पळून जात नाही."

"माती कुठाय?"

"ह्याला माती नाही लागत."

मातीशिवाय झाड. म्हटलं, बघू या शहाणपण.

तिने ओट्यावर रद्दी पसरली आणि साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा केला, व्हिडिओ लावला. फोनमधला माणूस डॉक्टरसारखं हळू बोलत होता. "नवशिक्यांनी घाबरायचं नाही," तो म्हणाला.

"घाबरतंय कोण," मी म्हटलं. सून हसली नाही. मीही हसवायला बोलले नव्हते.

झाड त्याच्या प्लॅस्टिकच्या कुंडीसकट शोभेच्या चिनी मातीच्या कुंडीत ठेवलेलं होतं. मी ती उचलायला गेले तर जड लागली. आतली कुंडी बाहेर काढली आणि नाकाला पदर लावावा लागला. तळाशी चार बोटं पाणी साचलेलं, गटारासारखं वास मारणारं. मुळांमध्ये नर्सरीतच भरलेल्या शेवाळाचा ओला बोळा अडकला होता, तो पिळला तर पाणी गळलं. एक तपकिरी मूळ मी चिमटीत धरलं, तर वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि आत नुसता दोरा राहिला.

"हे तहानेने नाही झालेलं," सून म्हणाली. "मुळं कुजली की पाणी वर चढत नाही. म्हणून पानं सुकतात. आपल्याला वाटतं पाणी हवंय."

"पण एवढं घातलं कोणी?"

तिने हात रद्दीला पुसले. मग म्हणाली, "मी घालते. रोज, कामावरून आले की. तुम्ही कधी घालताना दिसला नाहीत, म्हणून."

"मी रोज सकाळी घालते. तू घालत नाहीस, म्हणून."

भाजी आणा म्हटलं की ज्यांना ऐकू येत नाही, ते आमचे हे पेपरामागून म्हणाले, "दुपारचं मी घालतो. गोळी घेतली की पेल्यात उरतं ते. तुम्ही दोघी त्याच्याकडे ढुंकून बघत नव्हता."

 फोनमधला माणूस बोलतच होता.

मी कात्री गॅसवर धरली, गार केली आणि कामाला लागले. दाबून टणक लागेल ते मूळ ठेवायचं, लिबलिबीत लागेल ते कापायचं. ठेवण्यासारखी फारच थोडी निघाली.

"एवढ्यावर जगेल?"

"तो म्हणतो, जगतं."

"त्याचं काय जातंय म्हणायला."

कापल्या जागी पुन्हा कुजू नये म्हणून दालचिनीची पूड लावली. सुनेने झाड सरळ धरलं, मी भोवती साली भरल्या, कुंडी हलवून हलवून बसवल्या. माणूस म्हणाला, आता आठवडाभर पाणी नाही, जखमा वाळू द्या.

दुसऱ्या दिवशी चहा झाला आणि मी खिडकीपाशी उभी होते. हातात भरलेला पेला. कधी भरला, आठवेना. मोरीत ओतून आले. दुपारी हे गोळी गिळून उठले, तेव्हा मी नुसतं "बसा" म्हटलं. उरलेलं पाणी त्यांनी पिऊन टाकलं. संध्याकाळी सून खांद्यावरची पर्स न काढताच खिडकीकडे निघाली, मधेच थांबली आणि तिथेच उभी राहिली.

जेवताना मी म्हटलं, "ते झाड तू घेऊन जा."

"तुम्हीच तर म्हणाला होता..."

"म्हणाले होते. इथे आम्ही दोघं आहोत, आणि दोघांचेही हात थांबणार नाहीत. तिथे घालणारी तू एकटी असशील. जगलं तर तिथेच जगेल."

ती भात चिवडत राहिली. मग हे म्हणाले, "आम्ही बघायला येऊ."

"येऊ," मी म्हटलं. "पण तुमची गोळी घरीच गिळून निघायचं."