भुरकीच्या धबधब्यावरचा लाल दोर

मी एक जुना दोर आहे. अंबाडीच्या वाखाचा, तीन पेडांचा, मनगटाएवढा जाड. मित्रांनो, दोराला स्वतःबद्दल सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. खरंच आहे ते. लोक दोराकडे बघतच नाहीत, त्याच्या टोकाला काय बांधलंय ते बघतात. पण आज मला बोलल्यावाचून राहवत नाही, आणि ऐकायला तुमच्याशिवाय कोणी नाही.

उमरेडकडच्या एका खेड्यात रामाजी नावाच्या शेतकऱ्याने मला वळलं. त्यांनी अंबाडीच्या काड्या नाल्याच्या डबक्यात कुजत घातल्या, तेव्हा असा वास सुटला की शेजारची भीमाबाई नाकाला पदर लावून ओरडायची, "रामाजी, आम्ही गाव सोडून जावं काय गा?" रामाजी नुसते हसायचे. मग वाख सोलला, धुतला, उन्हात वाळवला आणि अंगणात एका टोकाला ते स्वतः, दुसऱ्या टोकाला त्यांचा तरणा मुलगा चंद्रभान, असे दोघे दिवसभर मला पीळ देत राहिले. मी बारा वाव लांब झालो. दोन्ही हात पसरले की जेवढं अंतर होतं, तो एक वाव.

त्याच संध्याकाळी रामाजींनी मुलाला एक गोष्ट शिकवली. त्यांनी मला दोन्ही मुठीत धरून उलटा पीळ दिला. माझे तिन्ही पेड सुटे झाले आणि आतला भाग दिसू लागला. ते म्हणाले, "दोर वरून पाहू नको बापा. वरून सारेच बरे दिसते. असा उघड, आतमध्ये पाह्य, मंगच त्याच्यावर भार टाक." चंद्रभानने ते आयुष्यभर पाळलं. फक्त एकदा सोडून. त्या एकदाचीच ही गोष्ट आहे.

माझी उमेदीची वर्षं बैलगाडीवर गेली. कडबा बांधला, तुरीच्या पेंढ्या बांधल्या, एकदा तर चिखलात रुतलेली पाहुण्यांची जीपही ओढून काढली. मग गावात ट्रॅक्टर आला, बैल गेले, आणि मी गोठ्यातल्या खुंटीवर गेलो. किती वर्षं तिथे होतो ते मला ठाऊक नाही. उंदरांना ठाऊक असेल, त्यांनी माझ्यात दोन बाळंतपणं केली. कामाशिवाय लटकत राहणं किती जड असतं, हे ज्याच्या अंगात जोर आहे त्यालाच कळतं.

गावामागच्या टेकडीवरून पावसाळ्यात एक धबधबा कोसळतो. त्याला भुरकी म्हणतात. पूर्वी गुराख्यांशिवाय तिकडे कोणी फिरकत नसे. मग कोणीतरी मोबाइलवर तिचा व्हिडिओ टाकला आणि नागपूर लोटलं. नंदनवनची पोरं मोटारसायकलींवर, मनीषनगरची कुटुंबं गाड्या भरून. पण भुरकीला नुसतं खालून बघून कोणाचं समाधान होईना. मधला टप्पा चढून वर गेलं की एक डोह आहे, त्याच्या काठाशी उभं राहून फोटो काढायचा, म्हणजे येणं सार्थकी लागलं! त्या शेवाळलेल्या दगडावरून पहिल्याच वर्षी एक जण घसरला आणि पायाचं हाड मोडून बसला. दुसऱ्या रविवारी चंद्रभानने मला खुंटीवरून काढलं, झटकलं, उलटा पीळ देऊन वावावावाने तपासलं आणि डोहाकाठच्या उंबराला बांधून खाली सोडलं.

काय सांगू मित्रांनो, मला पुन्हा जन्म मिळाला. लोक मला धरून चढत. चंद्रभान खाली उभा राहून सांगे, "एका वेळी एकच माणूस! आधी पाय टेकवा, मंग हात हालवा. घाई करू नका गा!" त्याची बायको प्रेमिलाबाई पायथ्याशी भजी तळायची. लहानांचे थरथरते हात, मोठ्यांचे घामेजलेले हात, पहिल्यांदाच कशावर तरी चढणाऱ्या बायांचे घट्ट हात, सगळे मी ओळखू लागलो. दर रविवारी संध्याकाळी चंद्रभान मला उघडून बघायचा. अशी चार वर्षं गेली.

यंदा पोळ्याच्या आधीच्या रविवारी चंद्रभान एका आजोबांना हात देऊन रस्त्यापर्यंत सोडायला गेला होता. तेवढ्यात सहा पोरं एकदम मला लोंबकळली आणि व्हिडिओसाठी झोके घेऊ लागली. वरून चौथ्या वावावर दगडाची एक धार आहे. तिच्यावर मी करवतीसारखा मागेपुढे घासला गेलो. माझा एक पेड तुटला, दुसरा निम्मा गेला. पोरं हसत उतरली. चंद्रभान परतला तेव्हा पाऊस सुरू झाला, आणि त्याने मला तसंच गुंडाळून घरी नेलं.

मला वाटलं, उद्या बघेल. पण पुढे पोळा होता.

चंद्रभानच्या गोठ्यात बैल नाहीत, पण पोळा आला की त्याचे हात शिवशिवतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळायचे आणि त्यांना जेवणाचं आवतन द्यायचं, ही आमच्याकडची रीत. त्या दुपारी त्याने मला अंगणात पसरलं, पळसाच्या पानाने तूप-हळद चोळली आणि हळूच म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." त्याचे डोळे भरून आले होते. माझ्या तुटक्या पेडाची कुसळं उभी राहिली होती, ती तुपाने आडवी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने शिंगांना लावतात तो लाल ऑइलपेंट आणला आणि मला या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगवलं. कुसळं त्यात चिकटली. जखम दिसेनाशी झाली.

खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. संध्याकाळी तोरणाखाली गावचे उरलेसुरले बैल सजून उभे होते, आणि त्यांच्या रांगेत चंद्रभान मला खांद्यावर घेऊन उभा. भैय्याजी पाटील म्हणाले, "चंद्रभान, तुझा बैल पुरणपोळी खाते का गा?" सगळे हसले, आणि मी लाल अंगाने मिरवत राहिलो. जखम ठसठसत होती, पण इतक्या वर्षांनी झालेल्या कौतुकाने मी शेफारलो होतो. त्याची मला आज लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला घेऊन निघाला, तेव्हा प्रेमिलाबाई म्हणाली, "अवो, दोर उघडून पाह्यला काय?"

"रंग आत्ताच वाळला वं. पीळ देला तं सारा उखडते," चंद्रभान म्हणाला. "अन् मागच्याच्या मागच्या रविवारी तं पाह्यला होता. काही होत नाही."

मी ओरडलो, मित्रांनो. चौथा वाव बघ, चंद्रभान, चौथा वाव! पण दोराचं ओरडणं कोणाला ऐकू येतं?

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे नागपुरात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक आणि सुट्टी. शहरातल्या गर्दीला कंटाळून बरेच लोक भुरकीवर आले. त्यात मनीषनगरचं एक कुटुंब होतं. केशव बँकेत नोकरीला, त्याची बायको सुहासिनी आणि नऊ वर्षांची चिन्मयी. केशवने मला बघताच हाक मारली, "काका, एकदम मस्त दोर आहे यार! नवीन घेतला काय?"

"नवा नाही साहेब, जुनाच हाय. सजवला त्याले," चंद्रभान अभिमानाने म्हणाला.

त्या सकाळी तीस-पस्तीस माणसं माझ्यावरून चढली आणि उतरली. प्रत्येक जण चौथ्या वावापाशी आला की मी उरल्यासुरल्या तंतूंनी दात-ओठ खाऊन धरायचो. एकेक तंतू तुटत होता. तो आवाज मला माझ्या आत ऐकू येत होता. वर रंग तसाच, लालभडक आणि हसरा.

शेवटी चिन्मयीने हट्ट धरला. सुहासिनी म्हणाली, "अहो, मी नाही बाई चढणार." केशव म्हणाला, "अगं जा ना यार तिच्यासोबत. मी खालून व्हिडिओ काढून राहिलो ना!" मायलेकी चढल्या. वर पोचल्यावर सुहासिनी इतकी हसली की तिला स्वतःलाच नवल वाटलं असावं.

आणि तेवढ्यात पाण्याचा रंग बदलला. आधी काडीकचरा आला, मग माती. वर टेकडीवर कुठेतरी जोराचा पाऊस झाला होता. "खाली या! पाणी येऊन राहिलं!" चंद्रभान ओरडला, पण धारेच्या आवाजात वर काहीच पोचेना. दोघी डोहाकाठी एकमेकींना धरून उभ्या, पाणी घोट्याच्या वर. केशवच्या हातून मोबाइल पडला. तो धावत माझ्याकडे आला, पण चंद्रभानने त्याला मागे ढकललं. "तुम्ही इथंच थांबा साहेब. मी आणतो त्याइले."

तो चढू लागला. पहिल्यांदाच त्या दिवशी त्याचे तळहात माझ्यावरून सरकत वर आले. चौथ्या वावापाशी रंगाचा पापुद्रा त्याच्या मुठीत निघाला आणि आत त्याला मऊ लागलं. तो थांबला. त्याने उलटा पीळ दिला, माझे पेड उघडले आणि आत बघितलं. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी कधी विसरणार नाही. "बाबा, माफ करा जी," एवढंच तो म्हणाला.

त्याने गाठ मारून तुटका भाग वगळायचा प्रयत्न केला. पण रंगाने मी काठीसारखा ताठ आणि गुळगुळीत झालो होतो. एकदा मारली, सुटली. दुसऱ्यांदा मारली, तीही सुटली. वर मायलेकींच्या गुडघ्याला पाणी लागलं. मग तो तिथल्याच एका खाचेत पाय रोवून उभा राहिला, माझा वरचा भाग त्याने डाव्या हाताला गुंडाळला आणि खालचा उजव्या हाताला. चौथ्या वावाच्या जागी आता चंद्रभान होता.

त्याने चिन्मयीला खुणेने बोलावलं. ती रडत रडत त्याच्या खांद्यावरून, पाठीवरून उतरली, खालचा दोर तिने धरला आणि केशवच्या हातात पडली. मग सुहासिनी निघाली. तिचे हात माझ्यावर असे घट्ट होते की तिची बांगडी माझ्यात रुतली. ती चंद्रभानच्या खाली गेली, तिचा पाय सटकला, सगळा भार एकदम आला आणि मी तुटलो. मित्रांनो, मी तुटलो! माझ्यावर टाकलेला भरवसा मला राखता आला नाही. ती लटकत होती ती फक्त चंद्रभानच्या दोन हातांवर. त्याच्या उजव्या खांद्यातून कट् असा आवाज आला. "उतरा बाई, उतरा! घाई करू नका!" तो म्हणाला, जसा रोज म्हणायचा तसाच. ती खाली पोचेपर्यंत त्याने हात सोडला नाही.

ती पोचली आणि मग तो पडला.

केशवने त्याला आपल्या गाडीत घालून नागपूरच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. केशव आणि सुहासिनी दोनदा येऊन गेले. त्यांनी त्याचे पाय धरले, तेव्हा चंद्रभान तोंड फिरवून रडला. "मी वाचवलं नाही जी," तो म्हणाला, "मीच मारत होतो तुम्हाले." त्याचं म्हणणं त्या दोघांना कळलं नाही. मला कळलं, कारण त्या अपराधात मीही भागीदार आहे.

माझा खालचा तुकडा प्रेमिलाबाईने घरी नेला. वरचे चार वाव मात्र अजून उंबराला लोंबत आहेत. त्या खाचेपर्यंत पोरं दगड धरून येतात, पण तिथून वर मला काढायला जायचं तर मलाच धरावं लागतं; मला न धरता फक्त चंद्रभान चढायचा, आणि त्याचा हात गेला. उंबरापाशी गाठीतही मी आता कुजत चाललो आहे. प्रेमिलाबाईने खाली बोरीच्या काट्या टाकल्या, लोकांनी त्या पायाने सारल्या. तिने पाटी लिहून लावली, त्या पाटीसोबत लोकांनी फोटो काढले. दूरवरून त्यांना दिसतो तो फक्त लालभडक, धडधाकट दोर. रंग अजून जरासुद्धा फिका झालेला नाही.

मित्रांनो, ज्याच्या आधारावर तुम्ही उभे आहात, तो आधार दोर असो की माणूस, त्याला नुसता सजवू नका. त्याचं कौतुक थोडं कमी झालं तरी चालेल. पण त्याला जवळ घ्या, हळूच उलटा पीळ द्या आणि आत कुठे तुटलंय का ते बघा. तो स्वतः सांगणार नाही. त्याला सांगताच येत नाही.

आज रविवार आहे. खाली गाड्यांची दारं वाजत आहेत. प्रेमिलाबाई दोन्ही हात हलवून ओरडते आहे, "धरू नका गा! त्याले धरू नका!" पण भुरकी आज भरून वाहते आहे आणि तिचा आवाज दहा पावलंही जात नाही. एक मुलगी चंद्रभानच्या त्याच खाचेत पाय रोवून उभी राहिली आहे. तिने वर बघितलं. मी तिला आवडलो. तिचा हात माझ्या टोकापासून वीतभर खाली आहे, आणि आता ती टाचा उंचावते आहे.

नको गं बाई. नको.