रुसव्यावर सुरू झालेले इंजिन

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे, होडीतली. हसू नका, होडीलाही बॅटरी लागते, आणि आमच्या होडीत तर दोन होत्या. दुसरी माझी धाकटी जाऊच म्हणा. इंजिनाचा सेल्फ फिरवणे हे तिचे काम. क्षणभर सगळा जोर लावायचा आणि मग दिवसभर मिरवायचे! माझे तसे नव्हते. माझ्या पोटातल्या शिशाच्या पट्ट्या जाड, अंग जड आणि स्वभाव संथ. दिवा, पंखा, रेडिओ आणि तळाशी साचलेले पाणी उपसणारा पंप, हा सगळा संसार माझ्या जिवावर चालायचा. मला बसवताना मेस्त्रीने बजावले होते, "हिच्यावर इंजिन मारू नका. हिची ताकद दमादमाने द्यायची आहे, झटक्याने नाही."

होडी काकांची. तलावाच्या या काठाची माणसे ते त्या काठाला पोचवत आणि काकू तिकिटे फाडत. काकांना दोन खोडी होत्या. एक म्हणजे कोणी काही मागितले की त्यांच्या तोंडून 'नाही' निघत नसे. दुसरी अशी, की तलावाच्या मध्यावर आले की ते इंजिन बंद करत आणि म्हणत, "ऐका जरा." मग सगळे मुकाट्याने पाण्याची चुळुकचुळुक ऐकत. काकूंची खोड एकच, रेडिओ. सकाळी होडीत पाय ठेवला की तो सुरू. एवढी गाणी मी वाजवली आहेत की कित्येक मला तोंडपाठ आहेत.

एके दिवशी सकाळी काका चिडले. रेडिओ एक दिवस बॅटरी खाऊन टाकील, असे ते काकूंना चारचौघांत बोलले. काकूंनी रेडिओला हात लावला नाही, पंख्यालाही नाही. तोंड फिरवून बसल्या. इकडे काकांनी काय करावे? भाजीवाल्याचा टेम्पो सुरू होत नव्हता, म्हणून धाकटीला उचलून त्याला दिली! त्याने सेल्फ मारमारून तिचा पार जीव काढला आणि हसत परत आणून दिली.

त्या दिवशी होडीत नर्सबाई होत्या. त्यांच्या मांडीवर बर्फात ठेवलेल्या लसींचा डबा होता. पलीकडे आया लेकरांना घेऊन सकाळपासून ताटकळत होत्या. धाकटीने उरलासुरला जोर लावून इंजिन सुरू करून दिले. पण मध्यावर येताच काकांनी सवयीने ते बंद केले. "ऐका जरा," ते म्हणाले. सगळ्यांनी ऐकले. नंतर किल्ली फिरवल्यावर जे ऐकू आले, ते नुसते टक्. पुन्हा टक्.

वल्हे एकच होते आणि वारा समोरून होता. ऊन चढत होते. नर्सबाईंनी डबा उघडून पाहिला आणि पटकन मिटला. "बर्फ फार वेळ टिकणार नाही. लस वाया गेली तर पुन्हा लवकर मिळायची नाही," त्या म्हणाल्या. काकांचा चेहरा उतरला. त्यांची नजर माझ्याकडे वळली, आणि खरे सांगते, मला धडकीच भरली.

"अगं, रेडिओ किती वेळ चालला आज?" काकांनी हळूच विचारले.

"तुम्हीच बोललात ना? चालूच केला नाही," काकू म्हणाल्या.

म्हणजे मी काठोकाठ भरलेली होते! काकांनी इंजिनाच्या वायरी माझ्याकडे आणल्या. काकू रुसवा विसरून पुढे आल्या आणि माझ्या टर्मिनलवरची पांढरी बुकटी त्यांनी फडक्याने खसाखसा पुसली. किल्ली फिरली. इंजिन कण्हले आणि थांबले. "तिला जरा दम खाऊ द्या," काकू म्हणाल्या. काका थांबले. दुसऱ्या वेळी मी होता नव्हता तो सगळा जोर लावला, आणि इंजिन धडधडू लागले. नर्सबाईंनी डबा छातीशी धरला. पैलतीरी पोचलो तेव्हा डब्यात बर्फाचे खडे अजून खुळखुळत होते. थोड्याच वेळात लेकरांचे भोकाड ऐकू आले. इतके गोड रडणे मी कधी ऐकले नव्हते.

मेस्त्रीने काकांना फैलावर घेतले. एकदा निभावले म्हणून हिला रोज जुंपाल तर हिचीही वाट लागेल, असे त्याने सुनावले. काकांनी इंजिनासाठी नवी बॅटरी आणली आणि ती मात्र कोणाला दिली नाही. 'नाही' म्हणायला ते त्या दिवशी शिकले.

आता माझे वय झाले आहे. धक्क्यावरच्या तिकिटाच्या खोलीत मी एक दिवा आणि काकूंचा रेडिओ सांभाळते. मित्रांनो, तुमच्या घरी माझी कोणी बहीण असेल तर तिचे टर्मिनल मोठ्यांकडून पुसून घ्या आणि तिला पार रिकामी होऊ देऊ नका. अडीअडचणीला ती धावून येईल, पण तिचे रोजचे काम तिला सुखाने करू द्या.

शेवटची खेप आटोपून काका येतात. काकू हिशेबात गुंतलेल्या असल्या की तेच रेडिओ लावतात आणि म्हणतात, "ऐका जरा."