हात चौकटीत हवेत

आईच्या पंचाहत्तरीला माझ्या मेहुण्याने दोन तासांची टेप काढली आणि तिच्यात आईचे हात नाहीत. एकदासुद्धा नाहीत. दोन तास नुसतं तोंड!

त्यात एवढं काय, असं म्हणाल. सांगते. माझी आई ऑगस्टा जन्मापासून बहिरी. मी बहिरी, माझा नवरा वेंडेल बहिरा. आमच्या घरात बोलायचं म्हणजे हातांनी बोलायचं. धाकटी बहीण क्लॉडिया तेवढी ऐकू येणारी निघाली, पण तीही पाळण्यात असल्यापासून हातांनीच हट्ट करायला शिकली. तिचा नवरा गॅरेट मात्र लग्नाला बावीस वर्षं झाली तरी 'हॅलो', 'थँक्यू' आणि 'अजून टर्की वाढा' यांच्यापुढे सरकलेला नाही. त्याच्याकडे खांद्यावर ठेवायचा भलामोठा, महागडा कॅमेरा आहे. आई गोष्ट सांगायला लागली की हा पठ्ठ्या बटण दाबतो आणि थेट तिच्या हनुवटीपासून कपाळापर्यंत जाऊन पोहोचतो. माणूस तोंडाने बोलतो, एवढंच त्याला माहीत!

ती टेप आम्ही आईच्याच दिवाणखान्यात बसून पाहिली. आईने दहा मिनिटं पाहिली आणि मला विचारलं, "ही म्हातारी काय चघळतेय गं एवढं?"

सगळे हसले. मीही हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. कारण त्या दोन तासांत आईने पाववाल्याच्या घोड्याची गोष्ट सांगितली होती. रॉचेस्टरच्या आमच्या बहिऱ्यांच्या क्लबात शनिवारी आई उभी राहिली की पत्ते खेळणारे पत्ते पालथे ठेवायचे, ते त्या गोष्टीसाठी. चाळीस वर्षं सांगतेय, आणि आजवर कुणी धड टिपून ठेवलेली नाही. आमच्या भाषेला पुस्तक नाही. हात थांबले की गोष्ट गेली.

आणि हात थांबायला लागले होते. या उन्हाळ्यात डॉक्टरांनी कंपवात सांगितला. आधी उजव्या हाताची बोटं, मग मनगट. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, गोळ्यांनी थोडं बरं वाटेल, पण पुढच्या वर्षी या वेळी काय असेल ते सांगता येत नाही. आईने तो कागद वाचला, घडी घातली आणि डॉक्टरांना विचारलं, तुमचं अक्षर असं का, तुम्हालाही कंपवात आहे का.

मी ठरवलं. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला सगळे आईकडे जमतील, त्या दिवशी घोड्याची गोष्ट टेपवर उतरलीच पाहिजे. आणि तीही माझ्या कॅमेऱ्याने.

क्लॉडियाला सांगितलं तर तिचे हात लगेच सुरू. "अगं नोरीन, आमचा आहे की कॅमेरा! कशाला उगाच खर्चात पडतेस? मी गॅरेटला नीट समजावते ना."

"मागच्या वेळी नव्हतं समजावलंस?"

"समजावलं होतं."

"मग?"

क्लॉडियाने हात खिशात घातले. आमच्यात त्याचा अर्थ एकच, उत्तर नाही.

शनिवारी मी आणि वेंडेल रिज रोडवरच्या मोठ्या दुकानात गेलो. सहाशे डॉलरच्या वर जायचं नाही, असं गाडीतच ठरलेलं. वेंडेल वर्तमानपत्राच्या छापखान्यात आहे. छपाईतून उरलेल्या कागदाच्या तो छोट्या वह्या बांधतो आणि एक कायम खिशात ठेवतो, ऐकणाऱ्यांशी बोलायला. विक्रेता आला. जाड मिशा, छातीवर नाव, डर्क. तोंड उघडझाप करत त्याने एक कॅमेरा माझ्या हातात कोंबला. मी कानाकडे बोट दाखवून मान हलवली. त्याने आणखी मोठ्याने तोंड उघडलं. आता त्याच्या दाढाही दिसल्या.

वेंडेलने वही पुढे केली. डर्कने लिहिलं, "उत्तम स्टिरिओ आवाज!"

मी लिहिलं, "आवाज दुसऱ्या कुणाला विका. आम्हाला चित्र दाखवा."

तो लाल झाला. मग लिहिलं, "बारापट झूम. मैदानाच्या पलीकडच्या माणसाच्या नाकातले केस दिसतील."

झूम! माझं डोकंच सटकलं. त्या झूमनेच तर आमचं वाटोळं केलंय. मी लिहिलं, "जवळ नेणारा नको. मागे नेणारा हवा. सात फुटांवर बसलेली बाई डोक्यापासून कमरेपर्यंत दिसली पाहिजे आणि दोन्ही हात पसरले तरी आत राहिले पाहिजेत."

सात फूट, कारण आईच्या जेवणघरात भिंतीपासून तिच्या खुर्चीपर्यंत तेवढीच जागा आहे. वेंडेलने आदल्या दिवशी मोजून आणलं होतं. डर्क बघत राहिला. असं गिऱ्हाईक त्याला आजवर भेटलं नसावं.

दुकानात सगळे कॅमेरे टीव्हीला जोडलेले होते. मी वेंडेलला म्हटलं, "जा, उभा राहा." त्याने बुटाला बूट लावत सात फूट मोजले आणि उभा राहिला.

"बोल काहीतरी," मी म्हटलं.

"काय बोलू?"

"माझ्या आईबद्दल काय वाटतं ते बोल. भरभर बोलशील."

तो खरंच भरभर बोलला. पहिल्या कॅमेऱ्यात दोन्ही कोपरं बाहेर गेली. दुसऱ्यात हात आत राहिले, पण बोटं पुसल्यासारखी दिसत होती. 'आई' म्हणाला की 'बाबा' म्हणाला, तेही कळेना. तिसरा नवा होता, नऊशेचा, त्याला मी हातसुद्धा लावला नाही. चौथा गेल्या वर्षीचा, कोपऱ्यात धूळ खात पडलेला, पाचशे साठचा. त्याच्यात वेंडेल कमरेपर्यंत आला, हात पसरून आला, आणि बोटन् बोट वेगळं दिसलं. मी टीव्हीवर वाचलं, "तुझी आई तुझ्यापेक्षा बरी आहे, ती निदान जेवताना तरी बोलायची थांबते."

"घरी चल, दाखवते," मी म्हटलं.

पण आईच्या जेवणघरात एकच दिवा आहे, पिवळा. दुकानातल्या लखलखाटात सगळंच चांगलं दिसतं. मी डर्कला लिहिलं, "या बाजूचे दिवे घालवा."

त्याने मान हलवली. मी पुन्हा लिहिलं. तो जाऊन मॅनेजरला घेऊन आला. एव्हाना चार-सहा माणसं आमच्याभोवती उभी होती, आमच्या हातांकडे बघत, सर्कस आल्यासारखी. वेंडेलने माझी बाही ओढली. "चल, घेऊ हाच आणि जाऊ. लोक बघतायत."

"बघू देत! आपण काय चोरी करतोय?"

मॅनेजरने लिहिलं, "मॅडम, तुमच्यामुळे बाकीच्या गिऱ्हाइकांचा खोळंबा होतोय."

आता माझा पारा चढला. मघापासून पलीकडे एक टोपीवाला गृहस्थ स्पीकर लावून बघत होता. अर्धा तास! काचेचं कपाट थरथरत होतं, जमीन माझ्या पायाखाली धडधडत होती. मी लिहिलं आणि लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं: "त्या माणसाला कान आहेत म्हणून तो अर्धा तास दुकान हादरवतो. मला डोळे आहेत. मला दोन मिनिटं अंधार हवा."

मॅनेजरने वाचलं. टोपीवाल्याकडे पाहिलं. मग मुकाट्याने भिंतीकडे गेला आणि आमच्या बाजूचे दिवे घालवले.

अंधुक उजेडात वेंडेल पुन्हा उभा राहिला. चित्र जरा काळपट आलं, पण बोटं दिसली. तोच घेतला. वर एक तिपाई घेतली, कारण कॅमेरा हातात धरला की आमच्या माणसाचं बोलणंच बंद होतं. आमच्या क्लबातल्या जुन्या टेपा पाहा, मध्येमध्ये नुसती जमीन दिसते; टेप काढणाऱ्याला कुणीतरी काही विचारलं आणि तो उत्तर द्यायला लागला!

थँक्सगिव्हिंगला दुपारी तीनला जेवणं झाली. भोपळ्याचं गोड वाटून झालं. बाहेर बर्फ पडत होता. गॅरेट आपला कॅमेरा घेऊन आलाच होता. माझी तिपाई पाहून तो हसला आणि क्लॉडियाला काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"स्वस्तातला आहे म्हणतोय."

"सांग त्याला, आहेच."

खरी अडचण निराळीच होती. आई तयार होईना. मी तिला गडद निळा, बिनफुलांचा ब्लाऊज घालायला लावला होता, हात उठून दिसावेत म्हणून, तेवढ्यानेच तिला संशय आला होता. "माझे हात असे झाल्यावर तुला कॅमेरा सुचला होय?" ती म्हणाली. "दहा वर्षांपूर्वी कुठे होतीस?"

दहा वर्षांपूर्वी मला वाटायचं, आईचे हात कायमचेच आहेत.

"चूक झाली," मी म्हटलं. "आता सांग. माझ्यासाठी सांग."

आईने बशी बाजूला सारली, खुर्ची मागे ओढली आणि टेबलावर दोनदा हात आपटला. सगळ्यांचे डोळे तिच्याकडे वळले. मी बटण दाबलं, लाल दिवा लागला, आणि मी तिपाईमागे उभी राहिले.

गोष्ट अशी. आई आठ वर्षांची असताना बहिऱ्यांच्या निवासी शाळेत होती. तिथे हातांनी बोलायला बंदी. बोललात की छडी. पण रोज सकाळी पाववाल्याची गाडी यायची, आणि पाववाला होता बहिरा. त्याच्या घोड्याला फक्त हातांचीच भाषा कळायची. पोरी खिडकीतून हातांनी 'थांब' म्हणायच्या, घोडा थांबायचा. 'चल' म्हणायच्या, चालायचा. एक दिवस घोडा फाटकातच उभा राहिला. मुख्याध्यापक आले आणि ओरडले. आईने मुख्याध्यापक केला, छाती पुढे, गाल फुगलेले, आणि टेबलाशी बसलेला वेंडेल हसायला लागला. मग आईने दोन्ही हात डोक्याशी नेऊन घोड्याचे कान केले. इथेच सगळी मजा आहे. तो माणूस जीव तोडून ओरडतोय आणि घोड्याचे कान ढिम्म. हलतच नाहीत. चाळीस वर्षं आईने ते कान दगडासारखे धरले आणि चाळीस वर्षं क्लब लोळून हसला.

आज कान थरथरले. आधी उजवा, मग दोन्ही. आईने दात आवळले. कान थांबेनात. टेबलाभोवती कुणी हसलं नाही. क्लॉडियाने मान खाली घातली. गॅरेटने आपला कॅमेरा खांद्यावरून काढून मांडीवर ठेवला. मला ते बघवेना, आणि मी बटण दाबून टाकलं. लाल दिवा गेला.

आईने दिव्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"बंद केलास?"

"आई, जरा थांबू. पाणी पी. मग पुन्हा..."

"बंद केलास!" तिने टेबलावर असा हात आपटला की काटे उडाले. "या जावयाने माझे हात कापले, त्याला अक्कल नव्हती म्हणून. तुला तर अक्कल आहे ना? तू कशाला कापलेस?"

दुकानात हातांसाठी मॅनेजरला झापणारी मी, तेच हात मी कापले होते. लाज वाटली मला, भयंकर लाज.

"त्या शाळेत माझ्या हातांवर छड्या पडल्या," आई म्हणाली. तिचे हात अजून थरथरत होते, शब्द एकमेकांवर सांडत होते, पण प्रत्येक शब्द कळत होता. "सुजलेल्या बोटांनी मी बोलले. तेव्हा कुणासाठी थांबले नाही, आता तुझ्यासाठी थांबू? लाव तो दिवा."

मी बटण दाबलं.

आईने दोन्ही बाह्या वर सरकवल्या. पुन्हा मुख्याध्यापक, पुन्हा छाती, पुन्हा गाल. हात डोक्याशी गेले. कान लटलट हलायला लागले. आईने डोळे वर करून त्या कानांकडे पाहिलं, मग सरळ कॅमेऱ्यात पाहिलं, आणि एक हात खाली आणून सांगितलं, "घोडा आता म्हातारा झालाय. पण अजून ऐकत नाही कुणाचं!"

वेंडेलने टेबल बडवायला सुरुवात केली. मग क्लॉडियाने. जमीन धडधडायला लागली. गॅरेट क्लॉडियाचा दंड हलवून विचारत होता, काय म्हणाली, काय म्हणाली ती? क्लॉडिया सवयीने त्याच्याकडे वळली, तसा आईने तिला हाताने अडवलं.

"नाही सांगायचं," आई म्हणाली. "बावीस वर्षं झाली. दोन हात त्यालाही आहेत. टेप घरी ने म्हणावं, आणि कळेपर्यंत बघ."

आणि मग ती पुन्हा घोड्याकडे वळली, कारण गोष्ट अजून अर्धी बाकी होती.